पाण्यातला कान

“काढा आता, आप्पा,” मी म्हटलं.

“थांब की जरा. आत्ता तर बुडवली. तिला पाण्याची चव तरी कळू दे.”

हौदाच्या काठावर आम्ही तिघं वाकून बसलो होतो. सासरे, मी आणि माझी पाच वर्षांची लेक जुई. हौदाच्या तळाशी काडेपेटीहून थोडी मोठी, पारदर्शक अशी एक डबी होती आणि ती वर येऊ नये म्हणून आप्पांनी तिच्यावर स्वयंपाकघरातला वरवंटा ठेवला होता. डबीत भाजलेल्या पापडाचा तुकडा होता. मी खरं तर टिशू पेपर ठेवणार होते. डबीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं. पण आप्पा म्हणाले होते, “कागदाचं काय खरं न्हाई. पापड ठेव. त्याला दमट हवासुद्धा सोसत न्हाई.”

शेवटी त्यांनी वरवंटा बाजूला केला, डबी बाहेर काढून पंच्यानं पुसली, कानाशी नेऊन खुळखुळवली आणि जुईच्या हातात दिली. जुईनं खटका उघडला, पापड मोडला. कट्कन आवाज आला.

“कडक,” ती म्हणाली आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं तो तोंडात टाकला.

“झालं. पुरावाच खाल्ला कार्टीनं,” आप्पा म्हणाले.

मी हसले, पण डबी लगेच तिच्या हातातून घेतली आणि बोट आत फिरवून बघितलं. कोरडी होती. तरी उजेडाकडे धरून परत एकदा बघितलं.

जुईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती दोन वर्षांची असताना शस्त्रक्रिया करून कानाच्या आत एक यंत्र बसवलं. त्याला आवाज पुरवणारं दुसरं यंत्र बाहेर असतं. ते कानामागे अडकवायचं आणि त्याच्या वायरीच्या टोकाला असलेली चकती डोक्याला चुंबकानं चिकटवायची. बाहेरचं यंत्र लावलं की तिला ऐकू येतं, काढलं की काहीच नाही. आमच्या घरात त्याला यंत्र कुणी म्हणत नाही, ‘कान’ म्हणतात. कान लाव. कान काढ. कान कुठं ठेवलास.

या कानाला पाणी चालत नाही. त्यामुळे आंघोळीला कान काढायचा, पाऊस आला की काढायचा, रंगपंचमीला तर सकाळपासूनच कपाटात. इतर मुलांना पाण्याचा आवाज असतो, हे जुईला माहीत नव्हतं. तिच्या दृष्टीनं पाणी ही मुकाट वस्तू होती.

ती डबी त्यासाठीच मागवली होती. कान डबीत ठेवायचा, डबी टोपीला मागं अडकवायची, वायर एका बारीक भोकातून बाहेर येऊन चकतीपर्यंत जायची. डबीच्या कडेला खाच होती आणि खाचेत नारिंगी रबराचं एक बारीक कडं. झाकण दाबून खटका लावला की ते कडं दबायचं, पसरायचं आणि डबी नि झाकण यांच्यातली फट भरून टाकायचं. बाहेरून पाण्यानं रेटलं की ते उलट अजूनच घट्ट बसतं, असं पत्रकात लिहिलं होतं. सगळी मदार त्या कड्यावर. शेवईएवढं जाड असेल, तेवढंच.

आणि ते फसलं तर? दुसरा कान यायला दीड-दोन महिने लागले असते. जुई नुकती वाक्यं जोडायला लागली होती. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, या वयात एक दिवससुद्धा कान चुकवायचा नाही. ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सांगलीकडे सासरी आलो होतो. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला इचलकरंजीला गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही चौघंच. आप्पा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. भावकीतल्या झाडून सगळ्या पोरांना त्यांनी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं, माझ्या नवऱ्याला, रणजितलाही. पोराच्या पाठीवर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि पायरीवरून द्यायचं ढकलून. त्या डब्याच्या झाकणाखाली त्यांनी सायकलच्या ट्यूबचं गोल कातडं कापून बसवलं होतं.

“हे बघ, तुझ्या डबीचं आजोबा,” ते मला म्हणाले. “चैत्रात एकदा झाकण बसवायचं. सुट्टी संपून पोरं आपापल्या गावी गेली की उघडायचं.”

“मधे बघत नाही? आत पाणी गेलं तर?”

“गेलं तर त्यो सांगतो की. हलवला की बोलतो.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, पत्र्याचा डबा गंजला तर दुसरा आणता येतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रणजित खोलीत आला तो टॉवेल खांद्यावर टाकूनच.

“चला. ऊन चढायच्या आत जाऊन येऊ.”

मी जुईच्या वेण्या घालत होते. “आज नको. अजून एकदा बादलीत टाकून बघते डबी.”

“वृषाली, काल एवढा वेळ पडून होती ती हौदात.”

“पापड होता आत. कान नव्हता.”

तो दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मला कळलं, आता होणार. मी जुईच्या कानामागे हात नेला.

“दे गं, बॅटरी बदलते.”

तिनं मान वाकडी केली. मी कान काढून घेतला. ती उठली, काडेपेट्यांची तिची आगगाडी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एकामागे एक डबे लावायला लागली.

“तिला आप्पांनी कबूल केलंय,” रणजित म्हणाला. आप्पा बाहेर सोप्यावर होते म्हणून आवाज बारीक होता, पण धार होती. “काल दिवसभर टोपी घालून फिरतेय ती.”

“आणि कान गेला तर? तू बसणार आहेस दोन महिने तिच्यासमोर खुणा करत?”

“तू घाबरतेस म्हणून ती घाबरते.”

“ती कशाला घाबरत नाही. म्हणून मला घाबरावं लागतं.”

“तू तिला काचेच्या कपाटात ठेव, म्हणजे झालं.”

“मी एकदा निवांत राहिले होते, रणजित. काय झालं ते तुला माहितीये.”

त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. या ठिकाणी आला की तो नेहमी गप्प व्हायचा.

जुई तान्ही असताना कुकरच्या शिट्टीनं उठायची नाही. खालच्या मजल्यावर ड्रिलिंग चालायचं, दिवाळीत दाराशी फटाके वाजायचे, ही आपली शांत झोपलेली. मी फोनवर आईला कौतुकानं सांगायचे, गुणाची आहे गं, त्रास म्हणून नाही. मी एमएस्सी झालेली, प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई. सव्वा वर्षाची होईपर्यंत मी तिच्या शांतपणाचं कौतुक करत राहिले. पुढे सगळं कळल्यावर, एकदा कशावरून तरी वाजलं तेव्हा रणजित म्हणाला होता, “दिवसभर घरात तूच होतीस. तुला कसं कळलं नाही?” तेव्हा जुईला नवा कान लागून महिना झाला असेल. ती आमच्या पायाशीच खेळत होती. तिला शब्द कळत नव्हते अजून. पण पुढचं काही तिच्या कानावर पडायला नको म्हणून मी वाकले आणि तिचा कान काढून घेतला.

आत्ताही मी पुन्हा कान लावला तशी जुई भिंतीकडून वळली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“जायचं?” तिनं विचारलं.

“जायचं,” रणजित म्हणाला. मी डबी उचलली.

*

विहीर मोठी होती, गोल, दगडी बांधणीची. पाणी बरंच खाली गेलं होतं. एका अंगाला उतरत जाणाऱ्या पायऱ्या, समोरच्या अंगाला मोटारीचा पाइप आणि मधल्या कपारींत पारव्यांची घरटी. जुई पायऱ्या उतरताना सारखी थांबत होती. मला वाटलं भ्याली.

“काय झालं?”

“कोण बोलतंय?”

पारवे घुमत होते. मी वर बोट दाखवलं. ती बघत राहिली. मग तिनं तोंड उघडून बारीक आवाज काढला, “ऊ.” विहिरीनं तो परत दिला. जुईनं माझा हात घट्ट धरला.

“आई, आत कोण आहे?”

“कोणी नाही. तुझाच आवाज आहे.”

“माझा?” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “जुई!”

विहीर म्हणाली, जुई. पारवे फडफडत वर उडाले. रणजित खालच्या पायरीवर उभा होता. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

आप्पा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पाण्यात उभे होते. जुईच्या पाठीवर डबा बांधला, कमरेला दोर. दोराचं टोक रणजितच्या हातात. टोपीच्या मागं ती पारदर्शक डबी आणि तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत होता. दिवा चालू म्हणजे कान चालू.

“पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय,” आप्पा म्हणाले. “डबल बेल दे.”

“टिंग टिंग,” जुई म्हणाली आणि तिनं अंग सोडून दिलं.

ती बुडाली नाही. डब्यानं तिला वर धरलं. तिनं हात आपटले, आणि हात आपटल्याचा आवाज आला, तशी ती थांबली. पुन्हा आपटले. तिला पोहायचं नव्हतंच, तिला पाणी वाजवायचं होतं. “पाय मार,” आप्पा सांगत होते, “अगं, पाय मार की,” आणि ती ते ऐकून, पाण्यात असून ऐकून, पाय मारत होती. मी पायरीवर बसून त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, दिवाच दिसत होता.

ती काठाला आली तशी मी म्हटलं, “थांब, बघू दे.”

डबीवर पाण्याचे थेंब होते. मी ओढणीच्या टोकानं डबी पुसली, खटका उघडला. आत कोरडं. कडं पुसलं, खाच पुसली. पत्रकात लिहिलं होतं, प्रत्येक वेळी उघडल्यावर कडं आणि खाच स्वच्छ करून घ्यावी. बंद केली. पुन्हा पाण्यात.

दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला जुई स्वतःच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. चौथ्या वेळी रणजित म्हणाला, “अगं, दिवा दिसतोय ना बाहेरून.”

“पाणी जाऊन दिवा बंद पडायच्या आधी कळायला हवं ना, अहो.” आप्पांसमोर मी त्याला अहो म्हणत असे.

“बघू दे तिला,” आप्पा म्हणाले. “आईचा जीव हाय. आपली गाडी थांब्यावर थांबतीया, एवढंच.”

मी परत पुसलं. ओल्या हातानं, ओल्या ओढणीनं, घाईघाईनं, कारण जुई ‘लवकर, लवकर’ म्हणत होती. खटका नेहमीसारखा कट्कन लागला.

ती पुन्हा निघाली. या वेळी आप्पांनी तिला पार समोरच्या पाइपापर्यंत नेलं. दोर सैल सोडला होता. ती पाइपाला हात लावून वळली, “शिवले,” म्हणाली, आणि विहीरही म्हणाली, शिवले. मी टाळी वाजवली.

मग दिवा विझला.

मी आधी समजले, ऊन चकाकलं. उठून दोन पायऱ्या खाली उतरले. दिवा नव्हता. “जुई,” मी हाक मारली. ती पाइपाला धरून पाणी बघत होती. “जुई.” विहिरीनं दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

“बंद पडला,” मी म्हणाले. “पाणी गेलं आत. रणजित, तुला सांगितलं होतं मी, सकाळी सांगितलं होतं ना.”

“ओरडू नको. ओढून घेतो तिला.”

“ओरडू नको? गेला कान. दोन महिने. तुला काय, तू सोमवारी कामावर जाशील.”

“सारखी सारखी उघडत बसलीस म्हणून झालं ते. बंद केलेली वस्तू बंद राहू द्यायची असते.”

“मग तू बघायचंस. तू कधी बघतोस? एकदा तरी बघितलंस?”

“कशाला बघू? घरात दिवसभर—”

तो तिथं थांबला. पण विहिरीला तेवढं पुरलं, ‘दिवसभर’ दगडांतून फिरून खाली आलं. आप्पांसमोर मी त्याला अरेतुरे करत होते आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“दोर ओढ,” आप्पा म्हणाले.

रणजितनं दोर ओढला. दोर ताणला गेला, जुई आली नाही. तिनं दोन्ही हातांनी पाइप कवटाळला होता. एव्हाना तिनं आमच्याकडे बघून घेतलं होतं. माझं तोंड, त्याचा हात. मग तिनं पाठ केली आणि तोंड दगडी भिंतीकडे वळवलं. एका बोटानं ती दगडांच्या सांध्यावरून रेघ ओढत होती, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. काडेपेटीचे डबे जोडावेत तशी.

आप्पा पोहत तिच्यापाशी गेले. खांद्याला हात लावला, काठाकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली. नाही. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे ती जरा मोठ्यानं बोलली. हळू बोलली असती तरी विहिरीनं ते आम्हाला ऐकवलंच असतं.

“थांबा आप्पा. कान काढलाय. आईबाबांचं संपू दे.”

दोर रणजितच्या हातात होता. मी पायरीवर उभी होते. पारवे परत येऊन कपारींत बसत होते, त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता.

आप्पांनी वर आमच्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा माणूस चुकीच्या घरात शिरावा आणि तिथलं काही दिसावं, तसं. मग ते तिच्या शेजारी पाइपाला धरून तरंगत राहिले. तिच्याबरोबर थांबले. आमचं संपेपर्यंत.

*

घरी येऊन मी डबी ताटात उघडली. तळाशी चमचाभरही पाणी नव्हतं, चार-सहा थेंब होते. कान पुसून कोरड्या खड्यांच्या बरणीत ठेवला. दमट हवा शोषून घेणारी ती बरणी मी कुठंही जाताना बरोबर नेत असे. आता वाट बघायची. कदाचित वाळला की चालू होईल, कदाचित नाही.

नारिंगी कड्यावर एक धागा आडवा पडला होता. हिरवा. केसाहून थोडा जाड असेल. कडं तिथं दबून नीट मिटलं नव्हतं, आणि पाण्याला एवढी वाट पुष्कळ असते.

माझी हिरवी ओढणी दारामागच्या खुंटीला होती. तिचं टोक उसवलेलं होतं.

रणजित माझ्या मागं उभा होता. त्यानं ओणवं होऊन बघितलं, बोटाच्या टोकानं धागा उचलला, खिडकीतून बाहेर टाकला आणि जुईला घेऊन अंगणात गेला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो दिवस फार शांत गेला. जुईला काही ऐकू येत नव्हतं आणि आम्हा दोघांना बोलता येत नव्हतं. ती मधूनच माझ्याकडे यायची, माझ्या तोंडाकडे बघायची, मग त्याच्या, आणि बघून परत जायची. अजून संपलं नव्हतं ना. कान परत आला नव्हता, म्हणजे संपलं नव्हतं. तिचा हिशोब सरळ होता. मी तिला जवळ घेऊन बरणी दाखवली, कान दाखवला, पाण्याची खूण केली. तिनं समजल्यासारखी मान हलवली. पण ती भिंतीकडे तोंड करूनच जेवली. मी तिचं ताट उचलून माझ्यासमोर ठेवलं, तर तिनं ते परत भिंतीपाशी नेलं.

तीन वर्षांत किती वेळा काढला असेल मी तिचा कान? बॅटरी बदलते. पुसून देते. जरा आराम दे डोक्याला. मला वाटायचं, तिला कळत नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बरणीतून कान काढला. चालू केला. दिवा लागेना. पुन्हा केला. रणजित भिंतीला टेकून बसला होता, आप्पा पाटीतले आंबे दाबून बघत होते. दोघंही बघत नसल्यासारखे बघत होते.

मग दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, आणि लागला.

मी जुईच्या डोक्याला चकती लावली. तिनं डोळे मिटले.

“खरखर,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आता नाही खरखर.”

“आप्पा काय म्हणतात ते ऐक,” मी म्हटलं.

“टिंग टिंग,” आप्पा म्हणाले.

जुई हसली. आप्पांनी तिच्या हातात आंबा दिला. रणजितनं तोंडावरून हात फिरवला. थोड्या वेळानं तो म्हणाला, “संध्याकाळी जायचं का विहिरीवर?”

“आता परत?” मी म्हणाले. “अजून अंगात जीव आलेला नाही माझ्या.”

“वृषाली, आज जर नाही गेलो ना, तर ती परत कधी—”

आणि माझा हात उठला. मी ठरवून उठवला नाही. तो जुईच्या कानामागे गेला आणि माझ्या तोंडून निघालंसुद्धा, “दे गं, बॅट—”

जुईनं आंब्यानं बरबटलेला हात चकतीवर दाबून धरला.

“राहू दे,” ती म्हणाली.

माझा हात हवेत राहिला.

“मी ऐकते,” जुई म्हणाली.

आप्पा पंचा झटकत उठायला लागले. “मी जरा म्हशीला पाणी—”

“आप्पा, बसा. तुम्हीपण ऐका,” ती म्हणाली. आणि आम्हा दोघांच्या मधे मांडी घालून बसली, आंबा चोखत, आता सुरू करा अशा चेहऱ्यानं.

असं बसवल्यावर भांडता येत नाही. रणजित म्हणाला, “बोल.” मी म्हटलं, “तू बोल.” तो म्हणाला, “मला काही बोलायचं नाही.” जुई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती.

“धागा माझ्या ओढणीचा होता,” मी म्हणाले.

“माहितीये.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलून काय करू? एकदा बोललो होतो, त्याचं तू तीन वर्षं काय केलंस ते बघितलं काल.”

मी जुईकडे बघितलं. ती ऐकत होती. आता थांबलं तर पुन्हा भिंतच होती.

“तू म्हणाला होतास,” मी म्हणाले, “दिवसभर घरात तूच होतीस. तुला कसं कळलं नाही.”

“म्हणालो होतो.” तो खाली बघत म्हणाला. “मीपण होतो घरात. रविवारी तर दिवसभर असायचो. कुकर माझ्यासमोरपण वाजायचा. मला वाटायचं, झोपलीय.”

सोप्यावर माश्या घोंगावत होत्या. आप्पा आंब्याची पाटी उगाच सरळ करत होते.

जुईनं कोय तोंडातून काढली.

“कुकर वाजला, आणि मी उठले नाही?”

“हो,” मी म्हणाले.

“मला ऐकूच आलं नाही.”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत नव्हतं.”

“नाही.”

ती विचार करत राहिली. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. मी पुढचं वाक्य ऐकायला बसले होते. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कशालाच बसले नव्हते.

“एवढंच?” जुई म्हणाली.

तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं.

“मला वाटलं, कान परत देऊन टाकायचं चाललंय,” ती म्हणाली. “म्हणून काढून बघता.” आणि कोय पुन्हा तोंडात घातली.

रणजित उठून परसात गेला. बराच वेळ हातपाय धुतल्याचा आवाज येत राहिला. मी तिथंच बसले होते. माझा पदर नव्हता, ओढणी नव्हती, डोळे पुसायला काही नव्हतं. आप्पांनी आपला पंचा माझ्या मांडीवर टाकला आणि ते म्हशीकडे गेले.

संध्याकाळी आम्ही विहिरीवर गेलो. डबीचं झाकण रणजितनं बसवलं, मी नुसतं बघितलं. जुई पाइपाला शिवून आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. प्रत्येक वेळी काठाला आली की ती सवयीनं माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, मी उघडून बघेन म्हणून. मी हात मांडीखाली घालून बसले होते.

*

जुई आता दहा वर्षांची आहे. डब्याशिवाय पोहते, तिची डबी तीच बंद करते. नारिंगी कडी दरवर्षी बदलावी लागतात. जुनी कडी ती दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवते, का ते मी विचारलेलं नाही.

आमचं अजूनही वाजतं. फरक एवढाच की आवाज बारीक ठेवला की आतल्या खोलीतून ओरडा येतो, “मोठ्यानं बोला, अर्धं ऐकू येत नाहीये.”

मग आम्ही मोठ्यानं बोलतो. पण त्याआधी माझा हात एकदा उचलला जातोच. जुई समोर असली की तिला ते दिसतं. ती चकतीवर हात ठेवते आणि मी माझा खाली घेईपर्यंत थांबते.